सी ग्रेडचा सांधा

सान लुसेरो, ९ सप्टेंबर

फर्नांडा,

जूनपासून तुझा फोन नाही आणि माझाही नाही. फोनवर तू मध्ये बोलतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मध्ये बोलता येत नाही.

आईचं पातेलं मी भंगारात दिलेलं नाही. तू आयडाहोत बसून सगळ्या नातेवाइकांना तसं सांगते आहेस, हे माझ्या कानावर आलं आहे. पातेलं माझ्या गॅरेजमध्ये आहे, चादरीखाली. तडा काठापासून निघून डाव्या कडीखालून थेट तळापर्यंत गेला आहे. जूनमध्ये ते पडलं तेव्हा डावी कडी तुझ्या हातात होती, एवढंच नमूद करते. तू म्हणतेस मी सोडलं, मी म्हणते तू सोडलंस. फादर मेंडोन्सा तिथेच उभे होते, पण विचारलं की म्हणतात, "मी त्या वेळी डोळे मिटले होते."

त्या भांडणात एक गोष्ट तू विसरली असशील. पुढच्या वर्षीच्या पवित्र आत्म्याच्या उत्सवासाठी चिठ्ठी आईच्या नावाची निघाली आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाव पेटीत होतं आणि ते निघालं. म्हणजे साऱ्या गावाला पुरेल एवढं सोपास, मांसाचा रस्सा आणि पाव सगळं, आपल्या घराने रांधायचं, आणि रिवाजाप्रमाणे घरच्याच पातेल्यात. उसनं चालत नाही, नवं चालत नाही. घरचं पातेलं नसेल तर मान पुढच्या चिठ्ठीला जातो, आणि पुढची चिठ्ठी ओफेलिया आविलाची आहे. ती काल चर्चच्या पायरीवर मला म्हणाली, "नाही जमलं तर संकोच करू नकोस हं, इदालिना. आम्ही आहोतच." असं म्हणताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मी काढला.

गावातल्या तिन्ही वर्कशॉपवाल्यांनी पातेलं पाहून मान हलवली. जुनं ओतीव ॲल्युमिनिअम, कोणी हात लावत नाही. शेवटी कॉलेजात वेल्डिंग शिकवणाऱ्या हाग्समाकडे गेले. तोच, ज्याच्या बापाची डेअरी आपल्या कालव्यापलीकडे होती. तो म्हणाला, "कॉलेजचं वर्कशॉप बाहेरची कामं घेत नाही. दुसऱ्या सत्राच्या विद्यार्थ्यांना मात्र आपली वस्तू आणता येते."

"मग मी विद्यार्थी होते," मी म्हटलं.

"वय काय तुमचं?"

"तुमच्याइतकंच."

तेव्हा मी सध्या सान लुसेरो कॉलेजची विद्यार्थिनी आहे. वेल्डिंगबरोबर गणित आणि कॉम्प्युटर सक्तीचे आहेत. एकोणतीस वर्षं हायस्कूलची उपमुख्याध्यापिका म्हणून शिस्तीचं खातं सांभाळलं. हे जड जाणार नाही.

इदालिना


सान लुसेरो, २ नोव्हेंबर

फर्नांडा,

उत्तराची अपेक्षा नव्हती आणि आलंही नाही.

अभ्यास यथास्थित चालू आहे. वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर चढवला की बाहेरचं काहीच दिसत नाही. ठिणगी तेवढी दिसते. माझ्या स्वभावाला हे फार मानवतं. हाग्समा सगळ्यांना आडनावाने हाक मारतो. "बोर्बा, मनगट! घोड्याला चाबूक मारताय का?" चाळीस वर्षांत माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं. दोन दिवस राग आला, मग मनगट सुधारलं.

गणिताचा वर्ग मी सोडला. मास्तर पंचविशीचा आहे आणि वर्गात मुलं बरीटो खातात. त्याला म्हटलं, "तुमच्या वर्गात खाणं चालतं?" तो म्हणतो, "भूक लागली असेल तर खाऊ दे की." मी उभी राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आजपासून मी या वर्गाची विद्यार्थिनी नाही," आणि पर्स उचलून बाहेर पडले. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ते कौतुक होतं, असं मी धरून चालते. पुढच्या सत्रात दुसऱ्या कोणाकडे गणित घेईन.

कॉम्प्युटरचा गृहपाठ मी वेळच्या वेळी करते आहे. सुवाच्य अक्षरात, दोन्ही बाजूंना समास सोडून, आणि बाईंच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवते.

आयडाहोत गहू यंदा बरा आहे का? तुझ्या नवऱ्याच्या, जोआकिमच्या, गाई कशा आहेत, हेही कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

इदालिना


सान लुसेरो, ६ जानेवारी

फर्नांडा,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. जोआकिमला दाखवू नकोस.

मी प्रोबेशनवर आहे.

म्हणजे कॉलेजने मला ताकीद दिली आहे की सरासरी सीच्या खाली गेली असून या सत्रात ती वर आली नाही, तर नाव काढून टाकण्यात येईल. वेल्डिंगमध्ये बी मिळाला. गणितात एफ आणि कॉम्प्युटरमध्ये एफ.

गणिताचं असं झालं. आमच्या हायस्कूलमध्ये एखादं पोर दहा दिवस आलं नाही की ऑफिस आपणहून पटावरून नाव कमी करायचं. ते काम माझंच होतं. कॉलेजात तसं नसतं. इथे आपण जाहीरपणे, ताठ मानेने, टाळ्यांच्या गजरात वर्ग सोडला तरी आपण वर्गातच असतो. नाव आपणच ठरलेल्या तारखेच्या आत काढायचं असतं. नाही काढलं तर शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही गैरहजर, आणि मग एफ. हे पहिल्या दिवशी दिलेल्या माहितीपत्रकात होतं. त्या पत्रकातली व्याकरणाची चूक मात्र मी दुरुस्त करून परत केली होती.

कॉम्प्युटरच्या बाई सॅक्रामेंटोहून शिकवतात. त्या खोलीत कधीच बसत नव्हत्या. ती झाडू-फडक्यांची खोली निघाली. साफसफाईवाल्याने गठ्ठा आणून दिला आणि म्हणाला, "बाई, अक्षर फार छान आहे तुमचं."

सगळ्यात वाईट अजून सांगायचंच आहे. प्रोबेशनवरच्या विद्यार्थ्यांना समुपदेशकासमोर हजर व्हावं लागतं. दारावरची पाटी मी दोनदा वाचली. डेल्फिनो किरोझ. तुला आठवत असेल. नव्वदीच्या दशकात ज्याने शिक्षकांच्या संडासात बोकड कोंडला होता, तो. त्याला मी दोन आठवडे शाळेबाहेर ठेवलं होतं. आता टक्कल पडलं आहे. मला पाहून तो सवयीने उभा राहिला, आणि मीही सवयीने म्हटलं, "बस." मग आम्हा दोघांनाही कळलं की खुर्च्या उलट्या आहेत.

"बोर्बाबाई," तो म्हणाला, "काय झालं?"

मी मास्तर, बरीटो, सॅक्रामेंटो, सगळं सांगायला लागले. त्याने हात वर केला.

"कारण नको. वेळापत्रक सांगा."

फर्नांडा, हे माझं वाक्य आहे. एकोणतीस वर्षं मी ते रोज वापरलं. ऐकणाऱ्याला कसं वाटतं, याची मला काही कल्पना नव्हती. कानशिलं गरम होतात.

माझी १९७८ची पदवी आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्या पदवीबद्दल आदर आहे. इथल्या सरासरीत ती धरत नाहीत." मग त्याने माझ्याकडून करार लिहून घेतला. गणित पुन्हा, त्याच मास्तराकडे, कारण दुसरा कोणी नाही. कॉम्प्युटर पुन्हा. आठवड्यातून दोनदा अभ्यासिकेत हजेरी. आणि दुसऱ्या सत्राचं वेल्डिंग, जागा मिळाली तर. प्रोबेशनवाल्यांची नावनोंदणी सगळ्यांत शेवटी होते.

जागा मिळाली नाही तर पातेलं राहिलं. ओफेलियाने सासूचं जुनं स्टीलचं पातेलं घासून आणलं आहे. उत्सवाच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवून झालं. त्यात तोंड दिसतं म्हणे.

इदालिना


सान लुसेरो, १४ फेब्रुवारी

फर्नांडा,

जागा मिळाली.

वर्ग भरला होता. पण नाव नसलेली माणसं पहिल्या दिवशी येऊन बसतात, कोणी गळलं तर आपला नंबर लागेल म्हणून. खुर्च्या नसतात. मी पालथ्या बादलीवर बसले. हाग्समा म्हणाला, "बोर्बा, घरी जा." मी म्हटलं, "मी बसले आहे, कोणाच्या वाटेत नाही." दोन आठवडे बसले. शेवटी एका मुलाला फ्रेझ्नोत नोकरी लागली आणि त्याने तारखेच्या आत, रीतसर, स्वतः नाव काढलं. किती शहाणं पोर! मी त्याला घरचा गोड पाव नेऊन दिला.

अभ्यासिकेत माझ्या टेबलावर येसेनिया कार्डेनास असते. वीस वर्षांची आहे, बदामाच्या कारखान्यात काम करते, तीही प्रोबेशनवर. पहिल्या दिवशी मला विचारते, "बाई, तुम्ही इथे शिकवता का?"

"नाही. मी तुझ्यासारखीच आहे."

"तुम्ही? काय केलंत?"

"गणिताचा वर्ग सोडला."

"अय्या! टाळ्यावाल्या बाई तुम्हीच का?" मग ती इतकी हसली की देखरेख करणाऱ्या मुलाने आम्हाला गप्प केलं. मला, फर्नांडा. अभ्यासिकेत.

ती मला कॉम्प्युटर शिकवते आणि मी तिचे निबंध पाहते. पहिला निबंध लाल करून दिला, तर म्हणाली, "बाई, यात माझं काही शिल्लक आहे का?" तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आता मी पेन्सिल वापरते.

किरोझने करारात एक कलम घातलं आहे. सत्राच्या मध्यावर एकाही विषयात नापास झाले, तर वर्कशॉपचे जादा तास बंद. पातेलं जादा तासांतच करायचं आहे. त्याला म्हटलं, "हे कलम जाचक आहे." तो म्हणाला, "कुठून शिकलो असेन?"

इदालिना


सान लुसेरो, २१ मार्च

फर्नांडा,

गणितात नापास झाले.

पातेलं हाग्समाच्या जाळीच्या कपाटात कुलूपबंद आहे. मी त्याला समजावून सांगितलं की उत्सव अडीच महिन्यांवर आला आहे. तो म्हणाला, "मला माहीत आहे. माझी बायकोही सोपास खायला येते. नियम म्हणजे नियम, बोर्बा." मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. म्हणून आणखी राग आला.

किरोझने बोलावून घेतलं. "फेरपरीक्षा पाच एप्रिलला आहे. मास्तराला शंका किती वेळा विचारल्यात?"

"एकदाही नाही."

"का?"

"वर्गात शंका विचारणारी मुलं घरी अभ्यास करत नाहीत, असा माझा अनुभव आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाई, मी तुमच्या शाळेत चार वर्षं एकही शंका विचारली नाही. बोकड आणला, शंका नाही विचारली." आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

येसेनियाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बाई, हात वर करा. असा. खांदा दुखतो का?" अभ्यासिकेत तिने माझ्याकडून सराव करून घेतला. सोमवारी वर्गात मी हात वर केला. मास्तर दचकला. बरीटो खाणारा मुलगा म्हणाला, "सर, आजी पुन्हा निघाल्या." मी म्हटलं, "मी निघालेली नाही. मला कोनाचं कळलेलं नाही." मास्तराने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, आणि त्या बरीटोवाल्यानेही पाव घटका खाणं थांबवून वहीत उतरवलं. त्यालाही कळलं नव्हतं. वर्गात कोणालाच कळलं नव्हतं.

ओफेलिया विचारत होती, "पातेल्याचं काय?" मी म्हटलं, "काम चालू आहे." मी खोटं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

इदालिना


सान लुसेरो, १२ एप्रिल

फर्नांडा,

फेरपरीक्षेत सी मिळाला. येसेनियाने अभ्यासिकेत ओरडून सांगितलं आणि आम्हाला पुन्हा गप्प करण्यात आलं.

कुलूप उघडलं. पातेलं टेबलावर ठेवलं, तडा घासून रुंद केला, मुखवटा ओढला आणि ठिणगी लावली. धातूने थुंकायला सुरुवात केली. थुंकायला म्हणजे अक्षरशः. काळे फोड, त्यांतून धूर, आणि माझी कांडी त्यात बुडबुडे काढते आहे. हाग्समाने सगळं बंद करायला लावलं.

"काय शिजवलंय यात?"

"सोपास. आणखी काय?"

"हे पातेलं चरबी प्यायलंय. धातूच्या पोटात गेलीय ती. ती बाहेर काढल्याशिवाय सांधा धरणार नाही. घासायला काय वापरत होते? सोडा? राख? कळलं तर काय काढायचं ते कळेल."

मला आठवत नाही. आई रांधायची तेव्हा मी हॉलमध्ये खुर्च्या मांडत असायची. पातेल्यापाशी तू असायचीस.

आई ते कशाने घासायची? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

इदालिना


सान लुसेरो, २९ एप्रिल

फर्नांडा,

पशुखाद्याच्या पावतीच्या पाठीमागे लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. पूर्ण मजकूर पुन्हा लिहिते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही कळेल:

"घासत नव्हती. पावाने पुसायची आणि तो पाव मला द्यायची. पातेलं आहे अजून???"

तीन प्रश्नचिन्हं लागत नाहीत, एक पुरतं. आहे. मी सप्टेंबरमध्येच लिहिलं होतं. पत्रं नीट वाचत जा.

हाग्समाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग सोप्पं आहे. साबण नाही, राख नाही, निव्वळ चरबी. तापवायचं, पुसायचं, पुन्हा तापवायचं." शुक्रवारी आम्ही पातेलं भट्टीपाशी ठेवलं. थोड्या वेळाने तड्यातून तपकिरी थेंब यायला लागले. मी फडक्याने टिपत होते.

आणि फर्नांडा, वास सुटला.

आधी मांसाचा. मग दालचिनीचा. मग पावावर घातलेल्या पुदिन्याचा, आणि शेवटी त्या स्वस्त लाल वाइनचा, जी आई फादरच्या नकळत जास्त ओतायची. जळक्या लोखंडाच्या त्या वर्कशॉपमध्ये सगळ्या मुलांनी मुखवटे वर केले. एक जण म्हणाला, "कोणी जेवण आणलंय?" हाग्समाने नाक पुसलं आणि तो धूळ फार झाल्याबद्दल ओरडला. मी मुखवटा खाली ओढला. ठिणगी नव्हती तरी ओढला. त्याचा हा उपयोग मला आधी माहीत नव्हता.

फडकं मी धुतलेलं नाही. पाकिटात त्याचा तुकडा ठेवला आहे. जोआकिमच्या गोठ्याच्या वासात तो टिकला तर हुंगून बघ.

इदालिना


सान लुसेरो, २७ मे

फर्नांडा,

निकाल गेल्या आठवड्यात लागला. क्रमाने सांगते.

गणित: सी. शेवटच्या प्रश्नात एका टाकीत किती पाणी मावेल ते काढायचं होतं. मी मनात टाकीला दोन कड्या लावल्या आणि बरोबर आलं. पेपर झाल्यावर बरीटोवाल्याने मला अर्धा बरीटो दिला. मी खाल्ला. वर्गात. मास्तराने पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

कॉम्प्युटर: सी. बाईंनी सॅक्रामेंटोहून शेरा पाठवला आहे, "उत्तरं थोडी कमी करडी चालतील."

वेल्डिंग: सी. पातेल्यावर. सांधा वाकडा आहे, दोन ठिकाणी फुगला आहे, आणि कडीखाली मी थांबले तिथे गाठ आहे. हाग्समाने पातेलं काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवलं. सकाळी येसेनिया आणि मी दारातच उभ्या होतो. त्याने कागद उचलून उजेडात धरला. कोरडा.

"दिसायला भयंकर आहे," तो म्हणाला. "पण गळत नाही. सी."

पंचवीस वर्षांपूर्वी सी घेऊन आलेल्या मुलाच्या बापाला मी खुर्चीसुद्धा दिली नसती. मी हाग्समाला मिठी मारली. त्याने हातमोजे घातले होते, त्यामुळे त्याला काय करावं ते सुचेना.

किरोझने मला आणि येसेनियाला एकदमच आत बोलावलं. तिचंही प्रोबेशन उठलं. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही आता नियमित विद्यार्थिनी आहात. पुढच्या सत्रात नाव घालणार?"

"वेळापत्रक सांग," मी म्हटलं.

तो आणि त्याची मुलं उत्सवाला येणार आहेत. बोकड आणू नकोस, असं बजावलं आहे.

आता कामाचं. पातेलं काल हॉलच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. ओफेलियाने सांध्यावरून बोट फिरवलं. "हे तू केलंस?" "हो." "दिसतंय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "माझ्या आईच्या पातेल्याचीही कडी निखळली आहे गं." सप्टेंबरमध्ये आण म्हटलं आहे.

उत्सव जूनच्या दुसऱ्या रविवारी आहे. शनिवारी दुपारी रस्सा विस्तवावर चढवायचा. भरलेलं पातेलं एकटीला उचलत नाही. मी पाण्याने भरून करून पाहिलं आणि दोन दिवस पाठ धरली. समितीतल्या बायका मदतीला तयार आहेत, पण घरचं पातेलं घरच्यांनीच चढवायचं असतं आणि घरची अशी तू एकटीच उरली आहेस. जोआकिमला दूध काढायला माणूस मिळेल. न मिळाल्यास कारण कळवू नकोस. वेळापत्रक कळव.

मागे कोणी सोडलं, याचा निकाल जेवणं वाढून झाल्यावर लावू. फादरना या वेळी डोळे उघडे ठेवायला सांगितलं आहे.

उजवी कडी माझी, डावी तुझी. सांधा तुझ्या बाजूला येतो. सी ग्रेडचा आहे. घट्ट धर.

इदालिना